अर्नेस्ट स्टार्लिंग

खाडीपलीकडील मुंबईशीं ज्यांच्या घराण्याचा संबंध होता, अशा एका शरीरशास्त्रज्ञाची ओळख आम्ही येथें करून देत आहोंत. अर्नेस्ट स्टार्लिंग यांचा जन्म लंडन येथें १८६६ सालीं झाला. वडील मुंबईस सरकारी न्यायखात्यांत असल्यामुळें वर्षानुवर्षें घरापासून दूर असत.

अन्न आंतड्यांतून पुढें कसें सरकतें? १८९९ सालीं स्टार्लिंग व त्यांचे मेहुणे बेलिस यांनीं कुत्र्यांना गुंगी देऊन आंतड्यांकडे बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले. तरीहि आंतडें एके ठिकाणीं चिमटतांच वरचा भाग आकसे व खालचा सैल पडे! आंतड्याच्या भिंतींतच स्वतंत्र मज्जाजाल असून तेंच हें कार्य करितें, असें त्यांनीं दाखविलें.

पुढें एका कुत्र्यास पुरेशी गुंगी न देतां चिरल्याचा आरोप बेलिस यांच्यावर आला. १९०३ सालीं त्यांनीं अब्रूनुकसानीचा खटला जिंकला. तरीहि लोकांनीं त्या कुत्र्याचें स्मारक उभारलें. स्टार्लिंग १९२७ सालीं जमेकाजवळ जहाजावर निवर्तले.

कांहीं अर्भकें आंतड्याच्या शेवटच्या भागांत हें मज्जाजाल नसतांच जन्मतात. त्यांना वांचविणारी शस्त्रक्रियाहि प्रथम कुत्र्यांवरच अजमावली गेली. विद्येचा गौरव करितांना त्या मुक्या जिवांचें ऋण विसरणें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें.