विनोबांचा अभ्यास

१९३२ सालच्या मार्च महिन्यातील शेवटचा रविवार. धुळ्याच्या तुरुंगात कायदेभंगाच्या चळवळीतील बंदिवान एकत्र जमले होते. धुळे हे त्या वेळी पश्चिम खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. नवापूर, नंदुरबार, शहादे, तळोदे आणि सातपुड्याच्या रांगांतील अक्राणी महाल हा सारा मुलूख त्याच जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. बंदिवानांपुढे छत्तीस वर्षांचे एक कृश गृहस्थ गीतेच्या सहाव्या अध्यायावर बोलत होते, आणि पूर्वी अंमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी त्यांचा शब्द न् शब्द भराभर टिपून घेत होते. चित्ताची एकाग्रता कशी साधावी, हा त्या दिवशीचा विषय होता.

बोलणारे होते विनायक नरहर भावे, अर्थात विनोबा. या विषयावर बोलण्याचा अधिकार त्यांनी फार निराळ्या रीतीने मिळविला होता.

११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील (आताच्या रायगड जिल्ह्यातील) गागोदे या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीस होते. रंगांच्या रसायनशास्त्राचे प्रयोग करणारे, प्रत्येक गोष्ट हिशेबात बसविणारे ते गृहस्थ होते. आई रुक्मिणीबाई भाविक होत्या. एकदा त्यांनी देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला. रोज एकेक दाणा मोजून त्या वाहात. नरहरपंतांनी ते पाहिले आणि सोपी युक्ती सांगितली : एक तोळा तांदूळ मोजावे, त्यावरून लक्षाचे वजन काढावे, आणि चूकभूल नको म्हणून अर्धा तोळा अधिक घालावे. गणित बिनचूक होते. आईला उत्तर सुचेना. विनायक घरी आल्यावर तिने त्यालाच विचारले. त्याने सांगितले की हे गणिताचे काम नव्हेच. एकेका दाण्याबरोबर मन ईश्वराकडे वळते, म्हणून मोजायचे. गणित हा ज्याचा सर्वांत आवडता विषय, त्या मुलाने हे उत्तर द्यावे, ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

बडोद्याच्या शाळेत विनायकाचे नाव हुशार मुलांत होते. तथापि वर्गापेक्षा त्याचा जीव शहरातील ग्रंथालयात अधिक रमे. तेथे तो तासन् तास वाचीत बसे, आणि उरलेल्या वेळी मित्रांसह मैलच्या मैल भटके. वडिलांच्या इच्छेप्रमाणे शाळेत त्याने फ्रेंच भाषा घेतली होती. संस्कृत राहून गेले होते. ती उणीव त्याला सलत राहिली.

परीक्षांवरचे त्याचे मन मात्र उडत चालले होते. एके दिवशी तो आईच्या चुलीपाशी बसून कागद जाळू लागला. आईने विचारले तेव्हा कळले, की ती त्याची शाळेची प्रशस्तिपत्रे होती. पुढे केव्हा तरी उपयोगी पडतील, असे तिने सुचविले. पण ज्या वाटेने जायचेच नाही त्या वाटेचे परवाने जवळ कशाला, हे त्याचे ठरून गेले होते. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईस निघाला आणि सुरतेस मध्येच उतरला. सुरतेहून एक लोहमार्ग नवापूर, नंदुरबार करीत तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जातो, आणि तिकडून उत्तरेची वाट मिळते. मुंबईची परीक्षा टाकून विनायक काशीला गेला. घरी कळविले ते पत्राने. सर्वांनी अनुकरण करावे असे हे कृत्य नव्हे. आईवडिलांच्या मनावर त्या पत्राने काय आघात केला असेल, तेही विसरून चालणार नाही.

काशीत तो अन्नछत्रात एक वेळ जेवी. तेथे दोन पैसे दक्षिणा मिळे. तिच्यात संध्याकाळचे दही व रताळी येत. संस्कृत शिकण्यास किती काळ लागेल, असे त्याने एका पंडितास विचारले. पंडिताने बारा वर्षे सांगितली. विनायकाने आपल्याजवळ दोन महिने आहेत असे सांगून टाकले. त्या काळी तो कविताही करी. एकेका कवितेवर दिवसच्या दिवस खर्च करावे, ती मनाजोगी झाली म्हणजे गंगेत सोडून द्यावी, असा त्याचा क्रम होता. कोणी याला विक्षिप्तपणा म्हणेल. पण चित्तात गुंता राहू द्यायचा नाही, हा त्याचा स्वभावच बनत होता.

त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादेस महात्मा गांधींच्या आश्रमात आला. तेथे सर्वजण त्याला विनोबा म्हणू लागले. अभ्यासाचा ध्यास आणि शरीरश्रम यांपुढे प्रकृती टिकेना. तेव्हा १९१७ साली एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस गेले. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. वाचलेले पक्के व्हावे म्हणून ते दुसऱ्यांस शिकवीतही. विद्यार्थ्यांना गीता, ज्ञानेश्वरी सांगावी. त्यांच्यासाठी वाचनालय काढावे, आणि पुस्तकांना पैसे हवेत म्हणून मुलांबरोबर लोकांची दळणे दळावी! शिवाय पायी सुमारे चारशे मैलांचा प्रवास करून त्यांनी किल्ले व तीर्थे पाहिली. वर्ष संपले आणि ठरल्या दिवशी ते आश्रमात परत हजर झाले.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. मागे बडोद्यास ती गीतेवरचे प्रवचन ऐकण्यास जाई. पण संस्कृत तिला समजेना. विनायकाने एक पद्य भाषांतर आणून दिले, तेही अवघड वाटले. मग तूच मराठीत का करीत नाहीस, असे ती सहज बोलून गेली. आईच्या मुखातून निघालेले ते वाक्य विनोबांच्या मनातून कधी पुसले गेले नाही. ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे त्यांनी गीतेचे श्लोक मराठीत उतरविण्यास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी अठरावा अध्याय पुरा केला. सातशे श्लोकांचे काम चार महिन्यांत झाले. पण तयारी चौदापंधरा वर्षे चालली होती. तीच ‘गीताई’. ज्या आईने ती मागितली, तिला मात्र ती वाचावयास मिळाली नाही. प्रशस्तिपत्रे, कविता, पदवी सारे सहज टाकून देणाऱ्या या माणसाने जपून काय ठेवले, हे यावरून दिसते.

गीताई प्रसिद्ध झाली त्या १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. इतर बंदिवानांप्रमाणे दळणाचे कामही ते करीत. मार्चमधील त्या रविवारी त्यांनी श्रोत्यांना जे सांगितले, ते ऐकून मांडी ठोकून डोळे मिटणारे पुष्कळजण चकित झाले असतील. आसन, प्राणायाम या गोष्टी त्यांनी निषिद्ध ठरविल्या नाहीत. पण दिवसभर क्षुल्लक व्यवहारांचे हिशेब मनात खेळविणाऱ्याला केवळ आसनाने एकाग्रता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. औषध जसे मापाने घेतात, तसे खाणे, झोपणे, बोलणे मापात आणावे. मग मन स्थिर करण्यासाठी झटापट करावी लागत नाही. लहान मूल पाहण्यात कसे गढून जाते, याचाही त्यांनी दाखला दिला.

२१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार ही प्रवचने चालली. साने गुरुजींच्या लेखणीमुळे ती टिकली आणि पुढे ‘गीता प्रवचने’ या नावाने अनेक भाषांत गेली.

१९४२ च्या आंदोलनात पकडल्यावर विनोबांना वेलोरच्या तुरुंगात ठेवण्यात आले, तेव्हा त्यांचे वय शेहेचाळीस-सत्तेचाळीस होते. तेथे त्यांनी तमिळ, तेलुगु, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा बरोबरच शिकण्यास घेतल्या. एकीतील शब्द दुसरीशी ताडून पाहिला म्हणजे चौघींचा परिचय लवकर होतो, असा त्यांचा अनुभव होता. कुराण मुळातून वाचण्यासाठी ते आधीच अरबी शिकले होते. त्या अध्ययनाचा भार डोळ्यांना सोसावा लागला.

१९५१ साली भूदानासाठी ते पायी निघाले. १९५८ साली महाराष्ट्रातून चालत ते पश्चिम खानदेशात आले. त्या सुमारास अक्राणी महालातील अनेक आदिवासी गावे ग्रामदानात सामील झाली होती. यात्रेबरोबर पुस्तकांचे गठ्ठे असत, आणि त्यांत सव्वीस वर्षांपूर्वी याच जिल्ह्याच्या तुरुंगात टिपून घेतलेली गीता प्रवचनेही असत.