कामगारनेत्याला पत्र लिहिणारा गणिती

ऑगस्ट १९४९ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या साउथ टॅमवर्थ या खेड्यातून एक पत्र डेट्रॉइटला रवाना झाले. लिहिणारे होते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील, म्हणजेच एमआयटीतील, गणिताचे प्राध्यापक नॉर्बर्ट वीनर. ज्यांना ते लिहिले ते वॉल्टर रूथर मोटार कामगारांच्या बलाढ्य संघटनेचे अध्यक्ष होते. दोघांचा पूर्वपरिचय नव्हता, त्यामुळे आपण कोण हे सांगण्यापासूनच वीनर यांना सुरुवात करावी लागली. पत्राचा आशय थोडक्यात असा: गणकयंत्र, प्रकाशविद्युत घट आणि यांत्रिक हात यांची सांगड घालून माणसाविना चालणारी मोटारींची जुळणी करणे आता तत्त्वतः शक्य झाले आहे, एका मोठ्या उद्योगसमूहाने याविषयी आपला सल्ला मागितला होता व तो आपण नाकारला, परंतु आपण गप्प बसल्याने ही कल्पना थांबणार नाही, ती दुसऱ्या कोणाला तरी सुचेलच. तेव्हा कामगार संघटनेने वेळीच जागे व्हावे आणि या यंत्रांतून होणाऱ्या लाभात कामगारांचा वाटा राखण्याचा मार्ग शोधावा. या कामी कोणताही मोबदला न घेता साह्य करण्याची तयारीही त्यांनी दर्शविली होती.

रूथर यांनी तारेने उत्तर पाठवून भेटीची इच्छा कळवली. पुढे दोघे भेटलेही. मात्र त्या भेटीतून टिकाऊ असे काही उभे राहिले नाही. तरीही हे पत्र महत्त्वाचे ठरते, कारण ते यंत्रांना घाबरलेल्या माणसाचे पत्र नव्हते. ज्या विद्येच्या बळावर ही यंत्रे चालणार होती, तिचा पाया घालणाऱ्यांपैकीच एकाने ते लिहिले होते.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी मिझुरी राज्यातील कोलंबिया येथे झाला. वडील लिओ वीनर बियालिस्टोकहून आलेले ज्यू स्थलांतरित. स्वतःच्या बळावर अनेक भाषा शिकून ते पुढे हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. टॉलस्टॉयच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी भाषांतरही त्यांनी केले. टॉलस्टॉयच्या प्रभावामुळे घरात शाकाहार होता आणि नॉर्बर्ट यांनी तो जन्मभर पाळला. मुलाचे शिक्षण लिओ यांनी आपल्याच हाती घेतले. चूक झाली की बापाचा आवाज चढे, मुलगा रडकुंडीला येई आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आठव्या वर्षाच्या सुमारास नजर इतकी अधू झाली की डॉक्टरांनी सहा महिने वाचनच बंद केले. त्या काळात सर्व अभ्यास कानांनी ऐकून व मनात साठवून करावा लागला. आकृती न काढता गणित डोक्यात फिरवण्याची सवय त्यांना तेव्हाच लागली असावी.

अकराव्या वर्षी टफ्ट्स महाविद्यालयात प्रवेश, चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट. वर्तमानपत्रांना असा मुलगा हवाच असतो. त्यातच लिओ यांनी मासिकांतून जाहीरपणे सांगितले की, मुलाच्या ठायी विशेष असे काही नाही, हे सारे आपल्या शिक्षणपद्धतीचे फळ आहे. यश बापाचे आणि अपयश मात्र स्वतःचे, ही वाटणी नॉर्बर्ट यांना आयुष्यभर सलत राहिली. पुढे त्यांना नैराश्याचे तीव्र झटके येत. माणूस म्हणजे कोणीतरी घडवलेले आणि हवे तसे चालवायचे यंत्र नव्हे, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही, असे त्यांचे आत्मचरित्र वाचताना वाटत राहते.

डॉक्टरेटनंतर केंब्रिजला बर्ट्रांड रसेल व जी. एच. हार्डी आणि गटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे अध्ययन झाले. परत आल्यावर मात्र स्थिर नोकरी मिळेना. ऑल्बनी येथे एका विश्वकोशासाठी नोंदी लिहिणे, महायुद्धाच्या अखेरीस तोफांच्या माऱ्याची कोष्टके तयार करणे, अशी कामे त्यांनी केली. १९१९ च्या सुमारास ते ‘बॉस्टन हेरल्ड’ या दैनिकात बातमीदार होते. लॉरेन्स या गिरणगावातील परदेशांतून आलेल्या कापड कामगारांच्या स्थितीविषयी लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि कामगारांचे हाल त्यांनी तेथे जवळून पाहिले. मालकांच्या मर्जीतील एका राजकीय इच्छुकाची भलामण करणारे लेखन मात्र त्यांना साधेना, आणि ती नोकरी गेली. त्याच वर्षी एमआयटीत अध्यापकाची जागा मिळाली, ती अखेरपर्यंत टिकली.

एमआयटी त्या वेळी प्रामुख्याने अभियंते घडवणारी संस्था होती. गणित तेथे सेवकाच्या भूमिकेत असे. वीनर यांनी तिला गणिताच्या नकाशावर आणले. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या सैरावैरा हालचालींना, म्हणजे ब्राउनीय गतीला, त्यांनी काटेकोर गणिती रूप दिले. ते आज ‘वीनर प्रक्रिया’ या नावाने ओळखले जाते आणि शेअर बाजाराच्या चढउतारांच्या गणितातही वापरले जाते. बुटके, स्थूल, दाढीधारी, जाड भिंगांचा चष्मा लावलेले, हातात चिरूट असे हे गृहस्थ संस्थेच्या लांबलचक दालनांतून फिरत, कोणत्याही खोलीत डोकावत आणि समोरच्याला कामाची सवड आहे की नाही याचा विचार न करता बोलू लागत. त्यांच्या विसरभोळेपणाचे किस्से पुष्कळ आहेत. घर बदलल्याचे विसरून ते जुन्या घरी गेले आणि रस्त्यातल्या मुलीला पत्ता विचारला तर ती त्यांचीच मुलगी निघाली, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो पूर्णपणे खरा नाही, हे खुद्द त्यांच्या मुलीनेच पुढे सांगितले. पण किस्सा काही थांबला नाही.

त्यांच्या विचारांना खरे वळण मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मन विमानांचा वेग इतका वाढला होता की, विमान दिसते तेथे तोफ डागून उपयोग नव्हता. काही सेकंदांनी ते कोठे असेल याचे भाकीत करून तेथे गोळा पाठवावा लागे. हे भाकीत यंत्राने कसे करावे, यावर वीनर यांनी ज्युलियन बिगेलो या अभियंत्यासह काम केले. प्रत्यक्ष युद्धात त्यांचे यंत्र वापरले गेले नाही. मात्र त्यामागील गणिताचा गोपनीय अहवाल, जो पिवळ्या वेष्टनामुळे आणि अवघडपणामुळे अभियंत्यांत कुप्रसिद्ध झाला, पुढच्या संदेशवहनशास्त्राचा एक आधारग्रंथ ठरला.

या कामात एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. झालेल्या कृतीचा परिणाम मोजायचा आणि त्यानुसार पुढची कृती सुधारायची, हे ‘फीडबॅक’चे तत्त्व तोफ फिरवणाऱ्या यंत्रात असते. ही सुधारणा प्रमाणाबाहेर झाली की तोफ लक्ष्याच्या या बाजूला, मग त्या बाजूला, अशी झुलू लागते. माणसातही असे होते काय, असा प्रश्न त्यांनी आपले मेक्सिकन स्नेही, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोसेनब्लूएत यांना विचारला. उत्तर होकारार्थी आले. लहान मेंदूला इजा झालेला रुग्ण पेला उचलू गेला की त्याचा हात तसाच हेलकावे खातो. प्राणी आणि यंत्र या दोहोंच्या नियंत्रणाचे नियम एकच असू शकतात, या विचारातून एक नवी विद्याशाखा जन्माला आली. सुकाणूधारी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून वीनर यांनी तिला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले. याच नावाचा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि समीकरणांनी भरलेला असूनही तडाखेबंद खपला.

तत्पूर्वी हिरोशिमा घडून गेले होते. १९४६ च्या अखेरीस एका विमान कंपनीतील संशोधकाने क्षेपणास्त्रांच्या कामासाठी वीनर यांच्या जुन्या अहवालाची प्रत मागितली. त्यांनी ती दिली नाही, आणि नकाराचे पत्र जानेवारी १९४७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’तून जाहीर केले. यापुढे आपले ज्ञान बेजबाबदार लष्करी हातांत पडेल असे काहीही प्रसिद्ध करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. संशोधनाचा पैसा लष्कराकडून येण्याच्या त्या काळात हा नकार स्वस्त नव्हता. सहकाऱ्यांपैकी काहींना तो भाबडेपणा वाटला आणि सरकारी गुप्तचरांनी त्यांच्या नावाची फाइल ठेवली.

रूथर यांना लिहिलेले पत्र याच मालिकेतील. ‘सायबरनेटिक्स’च्या प्रस्तावनेतच वीनर यांनी आपली भीती मांडली होती. पहिल्या औद्योगिक क्रांतीने माणसाच्या बाहूंचे मोल उतरवले. फावडे घेऊन वाफेच्या यंत्राशी स्पर्धा करू शकेल असा मजूर राहिला नाही. दुसरी क्रांती मेंदूचे मोल उतरवील, निदान त्याच्या साध्या, ठरावीक साच्याच्या कामांपुरते तरी. स्वयंचलित यंत्र हा आर्थिकदृष्ट्या गुलामच आहे आणि गुलामाशी स्पर्धा करणाऱ्या मजुराला गुलामाच्याच अटी पत्कराव्या लागतात, हे त्यांचे सूत्र होते. याला उपाय म्हणून त्यांना यंत्रबंदी नको होती. माणसाची किंमत केवळ खरेदी-विक्रीवर न ठरवणारा समाज हवा, असे ते म्हणत. पण असा समाज उभारायचा कसा, याची रूपरेषा त्यांच्यापाशी नव्हती. १९५० मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ या पुस्तकात तर त्यांनी भाकीत केले की, येणाऱ्या बेकारीपुढे १९३० च्या दशकातील महामंदी किरकोळ वाटेल.

हे भाकीत त्यांनी योजलेल्या मुदतीत खरे ठरले नाही. पत्रात त्यांनी दहा ते वीस वर्षांचा अवधी धरला होता. पण ती वीस वर्षे अमेरिकेत मोटार कामगारांच्या सुबत्तेची ठरली. रूथर यांच्या संघटनेने यंत्रांना विरोध न करता वाढत्या उत्पादकतेत वाटा मागितला. १९५० च्या जनरल मोटर्स कराराने पगारवाढ व निवृत्तिवेतन मिळाले, तर १९५५ मध्ये फोर्डकडून बेकारीच्या काळातील पूरक भत्ता मिळाला. कामगाराचा वाटा राखा, हा वीनर यांचा सल्ला एका अर्थाने अमलात आला. मात्र यंत्र कोणते, केव्हा व कशासाठी आणायचे हा निर्णय मालकांच्याच हाती राहिला. तो अधिकार सोडून दिल्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली, असे म्हणावे लागते. विशेष म्हणजे, आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र हवाई दलाच्या पैशातून एमआयटीतच तयार झाले आणि १९५२ मध्ये त्याचे प्रात्यक्षिकही तेथेच झाले.

वीनर यांचा भारताशी संबंध केवळ औपचारिक नव्हता. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी त्यांचे हार्वर्डच्या काळापासूनचे स्नेही. १९५३-५४ च्या हिवाळ्यात वीनर भारतात आले, हैदराबादच्या विज्ञान परिषदेला उपस्थित राहिले, मुंबईही त्यांनी पाहिली. १९५५-५६ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत ते अभ्यागत प्राध्यापक होते. मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्याशी त्यांचे सहकार्य याच काळात फळाला आले आणि भाकीतशास्त्रावरील दोघांचे दीर्घ निबंध ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’त प्रसिद्ध झाले.

भारताच्या औद्योगिकीकरणाविषयी त्यांनी जे सुचवले, ते मात्र बुचकळ्यात टाकते. इंग्लंडप्रमाणे गिरण्या, धूर आणि गलिच्छ चाळी यांच्या वाटेने न जाता भारताने थेट स्वयंचलित कारखान्यांकडे वळावे, त्यासाठी अकुशल मजुरांच्या फौजेऐवजी मधल्या फळीतील कुशल तंत्रज्ञ तयार करावेत, असे त्यांना वाटे. तंत्रज्ञांची गरज त्यांनी अचूक ओळखली होती. पण शेतीतून बाहेर पडणारे कोट्यवधी हात मग कोठे जाणार, हा डेट्रॉइटबाबत त्यांना अस्वस्थ करणारा प्रश्न भारताबाबत त्यांनी तितक्या नेटाने विचारलेला दिसत नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांची चिंता रोजगाराच्या पलीकडे गेली. १९६० मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकातील लेखात त्यांनी लिहिले की, शिकणारे यंत्र आपल्या निर्मात्याच्या समजुतीपुढे जाऊ शकते आणि त्याचा वेग असा असतो की, चूक ध्यानी येईपर्यंत तिचे परिणाम घडून गेलेले असतात. यंत्र सांगितले तेच करते, मनात असते ते नव्हे, हे पटवण्यासाठी ते माकडाच्या पंजाच्या इंग्रजी कथेचा दाखला देत: पंजाकडे दोनशे पौंड मागणाऱ्या बापाला ते मिळतात, पण कारखान्यात यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. शंकराने दिलेला वर भस्मासुराने कसा वापरला हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा मुद्दा वेगळा समजावण्याची गरज नाही. चेकर्स खेळायला शिकणारा संगणक घडवणारे आर्थर सॅम्युएल यांनी त्याच साप्ताहिकात प्रतिवाद केला: यंत्राला स्वतःची इच्छा नसते, त्यात माणसाने घातलेलेच बाहेर येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून पत्रे लिहिणे, भाषांतर करणे, आज्ञावली लिहिणे अशी कामे यंत्रे करू लागली आहेत, आणि वीनर-सॅम्युएल वाद नव्या नावांनी पुन्हा रंगला आहे.

जानेवारी १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते वीनर यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. त्यानंतर दोन महिन्यांनी, १८ मार्च रोजी, स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. ‘गॉड अँड गोलेम’ हे त्यांचे शेवटचे छोटेखानी पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले व १९६५ मध्ये त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. स्वयंचलितीकरण आणि रोजगार यांचा विचार करण्यासाठी जॉन्सन यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये राष्ट्रीय आयोग नेमला, तेव्हा त्यापुढे साक्ष द्यायला वीनर नव्हते. आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला की, एकूण बेकारी यंत्रांपेक्षा बाजारातील मागणीवर अधिक अवलंबून असते. वीनर यांच्या समग्र लेखनाचे चार खंड मसानी यांनी संपादित केले. त्यांतला पहिला १९७६ मध्ये आणि शेवटचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.