एका झेंड्यापायी जिवलग दोस्ती तुटली, आणि ती परत जुळायच्या आतच द्राझेन पेत्रोविच गेला

बास्केटबॉल म्हणलं की आपल्याला दोन-चार नावं आठवतात. मायकल जॉर्डन, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स. सगळे अमेरिकेचे. पण आज त्याच अमेरिकेच्या एनबीएमध्ये युरोपातली पोरं धुमाकूळ घालतायत. सर्बियाचा निकोला योकिच तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलाय, स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच तर घराघरात पोचलाय.

पण ३५ वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. युरोपातले खेळाडू नाजूक असतात, त्यांना बचाव जमत नाही, अमेरिकेत त्यांचा टिकाव लागत नाही, असा तिथल्या लोकांचा ठाम समज होता.

हा समज खोटा पाडण्यात ज्याचा वाटा फार मोठा आहे, त्या गड्याचं नाव द्राझेन पेत्रोविच.

२२ ऑक्टोबर १९६४ ला शिबेनिक नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. आज हे गाव क्रोएशियात येतं, तेव्हा ते युगोस्लाव्हियात होतं. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं छोटं बंदर. वडील पोलीस खात्यात, आई ग्रंथालयात कामाला. वडील सर्ब वंशाचे आणि आई क्रोएशियन. तेव्हा या गोष्टीचं कुणाला काही वाटत नव्हतं. पुढं याच गोष्टीवरून देश फुटणार होता, हे लक्षात ठेवा.

थोरला भाऊ अलेक्झांडर बास्केटबॉल खेळायचा. त्याचं बघून धाकटा द्राझेन मैदानात उतरला. उतरला तो असा की मग घरी यायचं नावच नाही. पहाटे गाव झोपेत असताना हा हॉल उघडून आत जायचा. बॉल टाकायला आणि आणून द्यायला दुसरं कुणी नाही. स्वतःच टाकायचा, स्वतःच पळत जाऊन आणायचा. शाळेच्या आधी शेकडो शॉट मारायचे, मग शाळा, आणि संध्याकाळी परत हॉल.

पंधराव्या वर्षी तो गावच्या शिबेन्का क्लबच्या मुख्य संघात होता. त्याची जागा गार्डची. म्हणजे बॉल पुढं घेऊन जाणारा, डाव रचणारा आणि लांबून नेम साधणारा. या छोट्या गावाच्या संघाला त्यानं १९८२ आणि १९८३ अशी सलग दोन वर्षं युरोपातल्या कोराच कपच्या फायनलपर्यंत नेलं. दोन्ही वेळा फ्रान्सच्या लिमोज क्लबकडून हार झाली.

पण त्याला खरा चटका बसला तो १९८३ मध्येच, घरच्या मैदानावर.

युगोस्लाव्हियाच्या लीगची निर्णायक मॅच. समोर सारायेवोचा बोस्ना क्लब. वेळ संपत आलेली आणि शिबेन्का एका गुणानं मागं. रेफरीनं फाउल दिला. १८ वर्षांचा द्राझेन दोन फ्री थ्रो टाकायला उभा राहिला. दोन्ही आत गेले. शिबेन्का विजेता! गावभर रात्रभर जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव उठलं तर बातमी आली की रेफरीच्या चुकीमुळं निकाल रद्द, मॅच दुसऱ्या शहरात परत खेळवली जाणार. शिबेन्कानं परत खेळायला नकार दिला आणि विजेतेपद बोस्नाला मिळालं.

त्यानंतर वर्षभर सक्तीची लष्करी नोकरी झाली. ती संपवून १९८४ मध्ये तो झाग्रेबच्या सिबोना क्लबमध्ये गेला. तिथं भाऊ आधीपासून खेळत होता. आणि इथून पुढं त्यानं युरोपला अक्षरशः वेड लावलं.

१९८५ मध्ये सिबोनानं रियल माद्रिदला हरवून युरोपियन कप जिंकला. फायनलमध्ये द्राझेनचे ३६ गुण होते. पुढच्या वर्षी सात फुटांच्या वर उंची असलेल्या अर्विदास साबोनिसच्या झालगिरिसला हरवून सिबोनानं कप परत घरी नेला. मधल्या काळात, ५ ऑक्टोबर १९८५ ला, ल्युब्लियानाच्या ओलिम्पिया संघाविरुद्ध त्यानं एकट्यानं ११२ गुण केले. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी कागदपत्रांच्या घोळामुळं समोर ज्युनियर पोरांचा संघ होता. पण समोर कुणीही असो, २२ पैकी २२ फ्री थ्रो आत घालणं आणि तीन गुणांचे २० पैकी १० शॉट बसवणं हे सरावाशिवाय होत नाही.

१९८८ मध्ये रियल माद्रिदनं त्यालाच विकत घेतलं. तिथं तो एकच सीझन राहिला, पण त्या एका सीझनमध्ये अथेन्सला झालेल्या कप विनर्स कपच्या फायनलमध्ये त्यानं इटलीच्या कासेर्टा संघाविरुद्ध ६२ गुण ठोकले. कासेर्टाकडून ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटनं ४४ केले. मॅच जादा वेळेत गेली आणि माद्रिदनं ११७-११३ नं मारली.

आता युरोपात जिंकायचं काही राहिलं नव्हतं. अमेरिकेच्या पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्सनं त्याला १९८६ च्याच ड्राफ्टमध्ये निवडून ठेवलं होतं. १९८९ मध्ये तो तिकडं गेला.

आणि बाकावर बसला.

पोर्टलँडकडं क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर असे दोन तगडे गार्ड होते. संघ जिंकत होता, त्यामुळं कोचला बदल करायची गरज वाटत नव्हती. पहिल्या सीझनमध्ये द्राझेनला मॅचमागं साधारण १२ मिनिटं मिळाली. दुसऱ्या सीझनमध्ये ती सातवर आली. युरोपात ज्याच्यासाठी स्टेडियम भरायची, तो गडी टॉवेल घेऊन बाकावर बसलेला. त्याला स्वतःवर शंका यायला लागली होती.

त्या काळात त्याला आधार होता तो एका फोनचा. पलीकडं असायचा व्लादे दिवाच.

दिवाच सर्बियाचा. उंच, गप्पिष्ट, हसरा. युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघात दोघं एका खोलीत राहायचे. द्राझेन सरावाचा कीडा, तर दिवाच मजेत जगणारा. स्वभाव दोन टोकांचे, म्हणूनच बहुतेक जमलं. दिवाचही १९८९ मध्येच अमेरिकेत आला, लॉस एंजेलिस लेकर्सकडं. नवा देश, तोडकीमोडकी इंग्रजी. दोघं जवळपास रोज फोनवर बोलायचे आणि दिवाच त्याला धीर द्यायचा.

मग आला ऑगस्ट १९९०.

अर्जेंटिनात वर्ल्ड चॅम्पियनशिप. युगोस्लाव्हियानं फायनलमध्ये सोव्हिएत युनियनला हरवलं आणि सुवर्णपदक जिंकलं. पोरं मैदानात एकमेकांच्या गळ्यात पडली होती. तेवढ्यात एक प्रेक्षक हातात क्रोएशियाचा झेंडा घेऊन आत पळत आला. दिवाचनं तो झेंडा त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

ही गोष्ट एवढी मोठी का झाली, हे कळायला तेव्हाचा युगोस्लाव्हिया समजून घ्यावा लागेल. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया, मॅसेडोनिया आणि माँटेनिग्रो अशी सहा प्रजासत्ताकं मिळून हा देश झाला होता. मार्शल टिटो होते तोवर सगळं एका मुठीत राहिलं. १९८० मध्ये टिटो गेले आणि मूठ सैल झाली. १९९० पर्यंत क्रोएशियात स्वातंत्र्याची भाषा सुरू झाली होती. अशा वेळी एका सर्ब माणसानं क्रोएशियाचा झेंडा ओढून घेतला, हे कॅमेऱ्यात आलं.

दिवाचचं म्हणणं असं होतं की आपण सगळे युगोस्लाव्हियासाठी खेळलो, तिथं कुठल्याच एका प्रजासत्ताकाच्या झेंड्याचं काम नव्हतं, सर्बियाचा असता तरी त्यानं हेच केलं असतं. पण ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. क्रोएशियात तो खलनायक झाला आणि सर्बियात हिरो. दोन्हीकडच्या लोकांनी त्या एका क्षणातून आपल्याला हवा तो अर्थ काढला.

द्राझेन हळूहळू तुटत गेला. फोन कमी झाले, मग बंद झाले. जून १९९१ मध्ये क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. सप्टेंबरमध्ये युगोस्लाव्ह सैन्यानं खुद्द शिबेनिकवर हल्ला केला. ज्या गावात तो पहाटे शॉट मारायचा, तिथं आता तोफगोळे पडत होते. अशात क्रोएशियाच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूनं एका सर्बाशी दोस्ती ठेवणं सोपं नव्हतं. मैदानात समोरासमोर आले तरी दोघांमध्ये पूर्वीसारखं बोलणं होत नव्हतं.

गंमत म्हणजे याच काळात त्याच्या खेळाला बहर आला.

जानेवारी १९९१ मध्ये पोर्टलँडनं त्याला सोडलं आणि तो न्यू जर्सी नेट्सकडं गेला. नेट्स म्हणजे तेव्हाचा हरणारा संघ. पण तिथं त्याला हवी ती गोष्ट मिळाली, खेळायला वेळ. १९९१-९२ च्या सीझनमध्ये तो सगळ्या ८२ मॅच खेळला आणि मॅचमागं २०.६ गुण केले. पुढच्या वर्षी ही सरासरी २२.३ वर गेली. तीन गुणांचे शॉट तो ४५ टक्क्यांच्या आसपास बसवत होता. ह्यूस्टनविरुद्ध त्यानं एका मॅचमध्ये ४४ गुण केले. १९९३ मध्ये लीगच्या सर्वोत्तम १५ खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव आलं. तरी त्या वर्षीच्या ऑल-स्टार मॅचसाठी मात्र त्याला घेतलं नाही. ते त्याच्या जिव्हारी लागलं.

मधल्या काळात १९९२ चं बार्सिलोना ऑलिम्पिक झालं. पहिल्यांदाच क्रोएशिया स्वतःच्या झेंड्याखाली उतरला. सेमीफायनलमध्ये माजी सोव्हिएत देशांच्या संघाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी द्राझेन फ्री थ्रो टाकायला उभा राहिला. ७५-७४. क्रोएशिया फायनलमध्ये. नऊ वर्षांपूर्वी शिबेनिकमध्ये असेच टाकलेले दोन फ्री थ्रो कागदावरून पुसले गेले होते. या वेळी ते कुणी पुसू शकलं नाही.

फायनलला समोर होती जॉर्डन, मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्डची ड्रीम टीम. पहिल्या हाफमध्ये एका क्षणी क्रोएशिया २५-२३ नं पुढं होता. शेवटी ११७-८५ नं हरला, पण द्राझेननं जॉर्डनच्या समोर २४ गुण केले. नव्या देशाला रौप्यपदक मिळालं. निर्बंधांमुळं सर्बियाचा संघ त्या ऑलिम्पिकमध्ये नव्हता. दिवाच हे सगळं लांबून बघत होता.

जून १९९३. सीझन संपला होता, नेट्सबरोबरचा करार संपत आला होता आणि द्राझेन युरोपात परतायचा विचार करत होता. आधी तो क्रोएशियाकडून युरोपियन चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीसाठी पोलंडला गेला. ती स्पर्धा आटोपून संघ फ्रँकफर्टमार्गे विमानानं घरी निघाला. द्राझेननं फ्रँकफर्टला विमान सोडलं आणि मैत्रिणीच्या गाडीनं पुढं जायचं ठरवलं.

७ जूनची संध्याकाळ. जर्मनीतल्या इंगोलश्टाटजवळचा हायवे. पाऊस पडत होता. समोरच्या बाजूचा एक ट्रक घसरून दुभाजक तोडून आडवा आला. गाडी त्यावर जाऊन आदळली. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर द्राझेन झोपला होता, सीटबेल्ट नव्हता. गाडीतल्या बाकीच्या दोघी वाचल्या. तो जागीच गेला. वय फक्त २८.

झाग्रेबच्या मिरोगोय दफनभूमीत त्याला निरोप द्यायला अफाट गर्दी लोटली. युद्ध अजून संपलेलं नव्हतं. दिवाचला तिथं जाणं शक्य नव्हतं.

त्याच वर्षी नेट्सनं त्याचा ३ नंबर कायमचा निवृत्त केला. झाग्रेबमधल्या सिबोनाच्या हॉलला त्याचं नाव दिलं. २००२ मध्ये त्याला अमेरिकेच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. २००१ मध्ये क्रोएशियाच्या गोरान इवानिसेविचनं विम्बल्डन जिंकलं, तेव्हा घरच्या मिरवणुकीत त्यानं अंगात आपल्या या मित्राची जर्सी घातली होती.

आणि दिवाच? तो पुढं अनेक वर्षं एनबीए खेळला, तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण एक सल राहून गेला. २०१० मध्ये आलेल्या एका माहितीपटाच्या निमित्तानं तो बऱ्याच वर्षांनी झाग्रेबला गेला. रस्त्यातल्या काही लोकांच्या नजरा अजून तशाच होत्या. तो द्राझेनच्या आईला आणि भावाला भेटला, त्यांच्यासोबत बसला. मग मिरोगोयला जाऊन त्यानं दोस्ताच्या थडग्यावर दोघांचा जुना फोटो ठेवला.

झेंडा कुणाचा बरोबर होता यावर तिकडं आजही वाद होतो. युद्ध मात्र १९९५ मध्ये थांबलं. खेळाडू परत एकमेकांशी बोलायला लागले, तुटलेल्या बऱ्याच दोस्त्या नंतरच्या काळात जुळल्या. वेळ मिळाला असता तर ही पण जुळली असती, असं दिवाचला वाटत राहिलं. तो वेळ तेवढा दोघांना मिळाला नाही.