विश्लेषण : येशू पुन्हा येणार, पण कधी? नागपूरच्या हिस्लॉप यांचे आयुष्य काय सांगते?

नागपुरात हिस्लॉप कॉलेज माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण. मात्र ज्यांचे नाव या कॉलेजला दिले, ते स्टीफन हिस्लॉप कोण होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्कॉटलंडहून आलेले हे मिशनरी दगडांचे अभ्यासक होते आणि जिल्ह्यातील टाकळघाट-खापा परिसरातील हजारो वर्षांपूर्वीच्या दफनांची पाहणी करून परतताना त्यांचा मृत्यू झाला. येशू ख्रिस्त एके दिवशी पुन्हा येणार, यावर त्यांच्या चर्चची श्रद्धा होती. युद्ध किंवा साथ आली की ‘शेवटचा काळ आला’ असे व्हिडिओ आजही फिरू लागतात. अशा वेळी हिस्लॉप यांचे आयुष्य वेगळेच काही दाखवते.

पुनरागमनाची श्रद्धा नेमकी काय आहे?

ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रुसावरील मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा उठला आणि नंतर स्वर्गात गेला. जगाच्या शेवटी तो परत येईल आणि जिवंत व मृत अशा सर्वांचा न्याय करील. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स या तिन्ही परंपरांच्या विश्वासांगीकारात हे विधान आहे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या ‘आगमन काळा’तही येशूच्या जन्माबरोबर त्याच्या पुन्हा येण्याचे स्मरण केले जाते.

आपल्याकडे हे ऐकताना अनेकांना कल्की अवतार आठवतो. साम्य आहे, पण फरक मोठा आहे. कल्कीनंतर पुन्हा सत्ययुग सुरू होते आणि युगांचे चक्र फिरत राहते. ख्रिस्ती कल्पनेत काळ एका सरळ रेषेत जातो आणि न्यायाचा दिवस एकदाच येतो. त्यामुळे ‘तो कधी?’ हा प्रश्न तिथे जास्त टोकदार होतो. बायबलमध्ये मात्र तो दिवस आणि ती घटका कोणालाही माहीत नाही, असेच सांगितले आहे.

हिस्लॉप नागपुरात कसे आले?

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. सरकार आणि जमीनदारांचा हस्तक्षेप नको म्हणून शेकडो धर्मगुरू बाहेर पडले आणि थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली ‘फ्री चर्च’ उभे राहिले. तरुण हिस्लॉप या नव्या चर्चमध्ये गेले. १८४४ च्या अखेरीस ते पत्नी इरॅस्मा यांच्यासह मुंबईत उतरले आणि १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले.

तेव्हा नागपुरावर तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते आणि कामठीत इंग्रजांची छावणी होती. मिशनसाठी पैसा दिला तो मद्रास फौजेतील एका इंग्रज अधिकाऱ्याने. म्हणजे हे काम आणि परकी सत्ता यांचे नाते सुरुवातीपासूनचे होते, हे नाकारता येत नाही. १८४६ मध्ये हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा सुरू केली. शाळेत मुले येत राहिली, धर्मांतरे मात्र मोजकीच झाली. लोकांना इंग्रजी आणि गणित हवे होते, धर्म बदलण्याची तयारी फारशी नव्हती.

त्या काळी जगाच्या अंताची चर्चा का होती?

हिस्लॉप ज्या वर्षी भारतात आले, त्याच वर्षी अमेरिकेत मोठी घटना घडली. विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने बायबलमधील आकड्यांवरून हिशेब मांडला होता आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही येशूच्या येण्याची तारीख धरली होती. हजारो लोक वाट पाहत राहिले. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. दिवस उलटला, काहीच घडले नाही. इतिहासात हा प्रसंग ‘मोठी निराशा’ म्हणून ओळखला जातो. निराश झालेल्यांपैकी एका गटाने तारीख सोडली, पण वाट पाहणे सोडले नाही. त्यातूनच पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची संघटना उभी राहिली. पुण्यातील स्पायसर विद्यापीठ याच चर्चचे आहे.

खुद्द हिस्लॉप यांच्या घरातही हा विषय होता. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हिस्लॉप हे अरब्रोथ येथे फ्री चर्चचे धर्मगुरू होते. बायबलमधील भविष्यवाण्यांचा अर्थ लावणे हा त्यांचा ध्यास होता. शेवटच्या काळात येणाऱ्या ‘अधर्मी पुरुषा’चे बायबलमधील वर्णन म्हणजे रोमचे पोपपद, असे त्यांचे मत होते. ‘द टू बॅबिलॉन्स’ या त्यांच्या पुस्तकात रोमन चर्चचे विधी प्राचीन बॅबिलॉनमधून आल्याचा दावा आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी तो मोडीत काढला, तरी जगाच्या अंताची चिन्हे शोधणारे वाचक ते पुस्तक आजही वाचतात.

धाकटे हिस्लॉप काय वाचत होते?

नागपूरचे दगड! सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते धर्मप्रचाराच्या दौऱ्यांत जीवाश्म गोळा करत. सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळी परिसरात त्यांना काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष होते. याचा अर्थ लाव्हा एकदाच वाहिला नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये इथे तळी होती, झाडे होती, जीवसृष्टी होती. कामठीच्या वालुकाश्मात त्याहून कितीतरी जुन्या वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळाले. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला हिस्लॉप यांचेच नाव आहे.

आज आपल्याला माहीत आहे की हा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हिस्लॉप यांच्याकडे असे आकडे नव्हते. पण पृथ्वी सहा हजार वर्षांपेक्षा खूप जुनी आहे, हे त्या वेळच्या भूवैज्ञानिकांना कळून चुकले होते. चामर्स यांनीही बायबलमधील निर्मितीच्या वर्णनात दीर्घ काळाला जागा असल्याचे आधीच मांडले होते. त्यामुळे दगड आणि धर्मग्रंथ यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ फ्री चर्चच्या धर्मगुरूवर येत नव्हती.

गोंडांच्या कथेचा संबंध काय?

हिस्लॉप गोंड समाजाची भाषा, चालीरीती आणि गाणी यांचीही नोंद ठेवत होते. त्यांच्या कागदांत लिंगोचे दीर्घ गीत होते. या गीतात लिंगोला त्याचेच भाऊ मारतात, देव त्याला अमृताने पुन्हा जिवंत करतात. पुढे तो गुहेत कोंडलेल्या गोंडांची सुटका करतो, त्यांना रीतभात घालून देतो आणि शेवटी देवांकडे निघून जातो. परत आलेल्या प्रभूची गोष्ट सांगायला आलेल्या माणसाला इथे परत उठणाऱ्या नायकाची गोष्ट आधीच गायली जात असल्याचे आढळले. या गीतावर हिंदू पुराणांची छाप असल्याचे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही ते कागदावर उतरले, हे काम मोलाचे ठरले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी काय झाले?

मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेम्पल यांचा मुक्काम बोरीला, म्हणजे आजच्या बुटीबोरी परिसरात होता. जवळच टाकळघाटला मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती पाहण्यासाठी हिस्लॉप त्यांच्यासोबत गेले होते. परतताना ते घोड्यावर एकटेच होते. वाटेत पावसाने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

त्यांचे गोंडांविषयीचे लेखन अपुरे राहिले होते. टेम्पल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉप यांच्या काळी ही वर्तुळे मध्य आशियातून आलेल्या ‘सिथियन’ लोकांची मानली जात. शंभर वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट आणि शेजारच्या खापा येथे उत्खनन केले. (हे खापा सावनेर तालुक्यातील नगर परिषदेचे खापा नव्हे.) टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला दफने, असे चित्र समोर आले. मृतांसोबत लोखंडी वस्तू आणि काळी-तांबडी मडकी ठेवलेली होती. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांनाही मृत्यूनंतर काहीतरी आहे असे वाटत असावे, असा अर्थ यातून काढला जातो.

मग वाट पाहायची म्हणजे काय करायचे?

फ्री चर्चच्या प्रत्येक धर्मगुरूला ‘वेस्टमिन्स्टर’ विश्वासपत्र मान्य करावे लागे. त्याच्या शेवटच्या प्रकरणात न्यायाच्या दिवसाविषयी लिहिले आहे. तो दिवस देवाने मुद्दाम गुप्त ठेवला आहे, जेणेकरून माणसाने निर्धास्त होऊ नये आणि सतत जागे राहावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे तारीख ठाऊक नसणे हाच या श्रद्धेचा गाभा आहे. मिलर यांच्या अनुयायांनी तारीख धरली आणि हातातली कामे सोडली. थोरल्या हिस्लॉपनी चिन्हे वाचून शत्रू कोण ते ठरवून टाकले. धाकट्या हिस्लॉपनी शाळा चालवली, शंख वेचले, गाणी उतरवून घेतली. त्यांची घटका आली ती नाल्याच्या पाण्यात, आणि तेव्हाही त्यांचे काम संपलेले नव्हते.

त्यांच्या धर्मप्रचाराबद्दल मतभेद असू शकतात, आहेतही. १८८३ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झालेल्या कॉलेजात मात्र सर्व धर्मांची मुले शिकत आली आहेत. सीताबर्डीचा काळा दगड तिथेच आहे. टाकळघाटची वर्तुळे बुटीबोरीच्या कारखान्यांपासून थोड्याच अंतरावर आहेत. ती पाहायला पावसाळ्यात जात असाल, तर नाल्याला पाणी किती आहे ते आधी विचारून घ्या.