सागरतळाचा यात्रिक

पृथ्वीचा दोनतृतीयांशांहून अधिक पृष्ठभाग समुद्राने व्यापला आहे. परंतु त्या अथांग जळाखाली काय दडले आहे, हे मनुष्याला फार काळ ठाऊक नव्हते. मोती काढणारे पाणबुडे श्वास रोखून एखाददुसरे मिनिट खाली राहत. धातूचे शिरस्त्राण घालून उतरणाऱ्यांना वरून सोडलेल्या हवेच्या नळीचे बंधन असे. माशाप्रमाणे मोकळेपणाने पाण्यात विहार करण्याचे सामर्थ्य मनुष्याला ज्यांनी मिळवून दिले, त्यांत फ्रान्सचे झाक कुस्तो हे अग्रगण्य होत.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दो शहराजवळच्या एका गावी झाला. लहानपणी त्यांची प्रकृती अशक्त होती. तरी पोहण्याची आवड विलक्षण. इ. स. १९३० मध्ये ते नाविक विद्यालयात दाखल झाले. वैमानिक व्हावे, अशी त्यांची मनीषा होती; परंतु मोटारीच्या भीषण अपघातात दोन्ही हातांना गंभीर इजा झाली आणि ती आशा मावळली. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तुलाँ बंदराजवळच्या समुद्रात नित्य पोहू लागले. तेथे १९३६ मध्ये एका नाविक मित्राने त्यांना पाण्यात पाहण्याचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी मस्तक पाण्यात घातले मात्र, त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. लाटांखाली शेवाळाची हिरवी राने होती आणि त्यांतून मासे संचार करीत होते.

ते जग डोळे भरून पाहावे, तर श्वास पुरत नसे. पाण्यात दर १० मीटर खाली गेले, की दाब एका वातावरणाइतका वाढतो. एवढा भार छातीवर असता साध्या नळीने वरची हवा ओढून घेता येत नाही. कुस्तो यांनी प्रथम शुद्ध प्राणवायू वापरून पाहिला. परंतु खोल पाण्यात तोच विषासारखा बाधतो. दोनदा त्यांना झटके आले आणि ते थोडक्यात बचावले.

दुसरे महायुद्ध चालू असता, १९४२ च्या अखेरीस, पॅरिसमध्ये त्यांची एमिल गान्यां या अभियंत्याशी गाठ पडली. गान्यां यांनी मोटारींना हवा तेवढाच वायू पुरविणारी एक झडप तयार केली होती. तिच्यात फेरफार करून दोघांनी गजराच्या घड्याळाएवढी एक पेटी बनविली. पाठीवरच्या नळकांड्यांत दाबून भरलेली हवा ही पेटी भोवतालच्या पाण्याच्या दाबाबरहुकूम, श्वास घेताक्षणी, तोंडाशी पोहोचवी. मार्न नदीतील पहिली चाचणी फसली. उभे राहिले की हवा वाया जाई. दोघांनी त्याचे कारण शोधून दोष काढून टाकला. या साधनाला अ‍ॅक्वालंग, म्हणजे जलफुप्फुस, असे नाव मिळाले.

जून १९४३ मध्ये कुस्तो हे साधन पाठीवर बांधून भूमध्य समुद्रात उतरले. पत्नी सिमोन वर तरंगत त्यांच्यावर लक्ष ठेवून होत्या. खाली एका कपारीत शिरून पाहतात तो काय, छताला सर्वत्र शेवंडे चिकटलेली! कोकणचे कोळी ज्यांना शेवंड म्हणतात, त्याच जातकुळीचे हे लांब मिशांचे, काटेरी जीव. आता श्वास संपण्याची धास्ती नव्हती. कुस्तो यांनी ती हलकेच सोडवून वर नेली आणि सिमोन यांच्या हाती दिली. युद्धामुळे देशात अन्नाची टंचाई होती. त्यामुळे या मेजवानीचे अप्रूप मोठे होते.

परंतु समुद्र जितका देतो, तितकीच परीक्षाही पाहतो. १९४६ मध्ये वोक्लूझच्या खोल झऱ्यात कुस्तो आणि त्यांचे मित्र द्युमा उतरले, तेव्हा नळकांड्यांतील हवेत यंत्राचा विषारी धूर मिसळला होता. दोघेही भ्रमिष्टासारखे झाले. वर दोर धरून बसलेल्या मोरिस फार्ग यांनी प्रसंग ओळखून दोर ओढला, म्हणूनच ते वाचले. पुढच्याच वर्षी हे फार्ग सुमारे १२० मीटर खोल गेले आणि जिवंत परतले नाहीत. त्या दुःखाने कुस्तो यांचे काम थांबले नाही. मात्र साहसाला सावधगिरीची जोड हवी, हा धडा सर्वांनाच मिळाला.

१९५० मध्ये कुस्तो यांना कॅलिप्सो हे जुने युद्धकालीन जहाज मिळाले. त्यावरून त्यांनी अनेक सागर पालथे घातले. त्यांच्या सागरतळावरील चित्रपटाला १९५६ मध्ये कान येथील महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक लाभले. परंतु याच सफरीत त्यांच्या मंडळींनी शार्कमासे निर्दयपणे मारले होते आणि मासे मोजण्याकरिता प्रवाळात सुरुंग उडविले होते. समुद्राचे भांडार अक्षय आहे, असा त्या काळी बहुतेकांचा समज होता.

वर्षे लोटली, तसा कुस्तो यांचा हा समज ढळला. तारुण्यात जेथे त्यांनी माशांचे थवे पाहिले होते, तेथे त्यांना ओसाड खडक दिसू लागले. मग जगाला सागराचे वैभव दाखविणारे कुस्तो सागराचे कैवारी बनले. १९६० मध्ये अणुभट्ट्यांचा घातक कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या बेताला त्यांनी कसून विरोध केला. १९७३ मध्ये त्यांनी सागररक्षणासाठी संस्था स्थापिली. १९७९ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा फिलीप विमान-अपघातात मृत्यू पावला. हा घाव सोसूनही त्यांनी हाती घेतलेले कार्य सोडले नाही. अंटार्क्टिका खंडावर खाणी खोदू नयेत, म्हणून वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी देशोदेशीच्या पुढाऱ्यांची मने वळविली. १९९१ मध्ये राष्ट्रांनी तसा करार केला.

२५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. आज असंख्य हौशी माणसे पाठीवर हवा बांधून सागरतळ पाहून येतात; ही वाट कुस्तो आणि त्यांच्या सोबत्यांनी जिवावर उदार होऊन मोकळी केली. त्या वाटेने ते प्रथम शिकारीसाठी गेले. पुढे सागर जसजसा त्यांना कळत गेला, तसतसा त्यांचा हात आखडत गेला आणि अखेरीस तोच हात त्याच्या रक्षणासाठी पुढे आला.