कात्रीने कापलेला उजेड

प्रायश्चित्तकाळ अर्ध्यावर आला की आमच्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. ईस्टरला वेदीमागचा देखावा कसा करायचा आणि त्याला पैसे कुठून आणायचे? यंदा युवकांनी रंगीत काचेच्या खिडक्या करायचे मनावर घेतले. खरी काच परवडणे शक्यच नाही, म्हणून कुणीतरी काळा कार्डपेपर आणि जिलेटीन कागद सुचवला. सभेत दोघे-तिघे हसले. देवाच्या घरात पतंगाचे सामान कशाला, असा त्या हसण्याचा सूर होता. खरे सांगायचे तर मनातून आम्हीही हसणाऱ्यांच्याच बाजूला होतो. घरी परतल्यावर मात्र फ्रान्समधील एका म्हाताऱ्या चित्रकाराची आठवण झाली आणि आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले.

आंरी मातिस यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो या गावी झाला. बालपण जवळच्याच बोअँ या विणकरांच्या गावात गेले. वडील धान्य-बियाण्यांचे व्यापारी. त्याच दुकानात आई घरे रंगवायचे रंग विकत असे. मुलाने वकिली करावी अशी वडिलांची इच्छा होती आणि त्याप्रमाणे मातिस कायदा शिकून कचेरीत कारकुनीही करू लागले. विसाव्या वर्षी आतड्याच्या दुखण्याने अंथरूण धरावे लागले. पडल्या पडल्या वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली आणि वकिली तिथेच संपली. १८९१ साली ते पॅरिसला गेले. १९०५ च्या प्रदर्शनात त्यांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे भडक रंग पाहून टीकाकारांनी त्यांना रानटी श्वापदांची उपमा दिली. पुढची पस्तीस वर्षे कीर्तीची होती. ती कलेच्या पुस्तकांत सापडतील. आमचे काम त्यांच्या दुसऱ्या आजारपणाशी आहे.

१९४१ च्या जानेवारीत लियाँ शहरात त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ते वाचले, पण फार वेळ उभे राहणे संपले. उरलेले आयुष्य बरेचसे बिछान्यात आणि चाकांच्या खुर्चीत गेले. चित्रफलकासमोर उभे राहता येईना, तेव्हा त्यांनी कात्री हाती घेतली. मदतनीस साध्या कागदावर पोस्टर कलरसारखा रंग लावून ठेवत. मातिस त्या कागदातून पाने, फुले, मासे कापत, आणि त्यांच्या सांगण्यावरून ते तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावले जात. एखादा तुकडा चार बोटे वर, पुन्हा खाली, असे दिवसच्या दिवस चाले. एवढा मोठा कलावंत आता बालवाडीतला खेळ खेळतो आहे, असे म्हणणारेही होते.

१९४२ साली नीस शहरात रात्रीच्या शुश्रूषेसाठी मोनिक बुर्झ्वा नावाची एक तरुणी त्यांच्याकडे आली. पुढे तिला समोर बसवून त्यांनी तिची चित्रेही काढली. तिने डोमिनिकन संघात धर्मभगिनी व्हायचे ठरवले तेव्हा मातिस नाराज झाले. ते काही नित्य मिस्सेला जाणारे भाविक नव्हते, हे येथे लपवायचे कारण नाही. ती सिस्टर जाक-मारी झाली आणि योगायोगाने व्हांस या डोंगराळ गावात पुन्हा त्यांची शेजारीण झाली. तेथे भगिनींचे प्रार्थनामंदिर म्हणजे गळक्या छपराची एक जुनी मोटारगाडीची खोली होती. सिस्टरने पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे, खिडकीसाठी म्हणून, एक लहानसे चित्र काढले होते. १९४७ साली तिने ते मातिस यांना दाखवले. एक खिडकी करायची म्हणून सुरू झालेली गोष्ट अख्ख्या मंदिरावर गेली. वयाची सत्तरी केव्हाच उलटलेल्या त्या आजारी माणसाने चार वर्षे त्यात घातली आणि खर्चाचाही मोठा भार उचलला.

खिडक्यांचे नमुने त्यांनी कागद कापूनच केले, खोलीच्या भिंतीवर खिडकीच्या आकाराएवढे. येथे आमच्या युवकांनी नीट लक्ष द्यावे. त्यांचा एक सबंध आराखडा बाद झाला, कारण काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून कापायला बसले. अखेर जीवनवृक्षाचा आराखडा ठरला. त्यात रंग तीनच : निळा, हिरवा आणि लिंबासारखा पिवळा. निळ्या-हिरव्या काचेतून आरपार दिसते. पिवळी मुद्दाम धुरकट ठेवली, म्हणून नजर तेथे थांबते आणि आत राहते. भिंतींवर पांढऱ्या फरशा आणि त्यांवर काळ्या रेषांत संत डोमिनिक, माता व बाळ, आणि क्रूसाची वाट. त्या चेहऱ्यांना नाक-डोळे नाहीत, म्हणून काही भगिनीही नाखूश होत्या. पण खिडकीचा रंग त्या पांढऱ्या फरशांवर उतरतो आणि सूर्य सरकेल तसा चालत जातो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितलेली सौंदर्याची तीन लक्षणे आम्ही पाठ केली होती : पूर्णता, प्रमाण आणि तेज. तेही डोमिनिकनच. त्या यादीत सामानाच्या किमतीचा उल्लेख नाही, हे आमच्या ध्यानात यायला इतकी वर्षे जावी लागली. अर्थात व्हांसची काच खरीच होती आणि स्वस्त नव्हती. तिचे पूर्ण रूप मात्र आधी कागदातच ठरले होते.

२५ जून १९५१ रोजी नीसच्या बिशपांनी त्या मंदिराचे अभिषेकपूर्वक समर्पण केले. मातिस आजारपणामुळे हजर राहू शकले नाहीत. धर्मगुरूंचे मिस्सेचे झगेही त्यांनी कागद कापूनच बेतले होते. आपल्या सर्व कामांत ते या लहान मंदिराला श्रेष्ठ मानत. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे त्यांचे निधन झाले. सिस्टर जाक-मारी २००५ पर्यंत हयात होत्या.

तर आमच्या देखाव्याविषयी. कार्डपेपरवर आकार कापताना दोन आकारांमध्ये बोटभर काळी पट्टी सोडावी, नाहीतर जिलेटीन कागद सुरकुततो आणि खिडकी लोंबते. रंग तीन-चारच घ्यावेत. मागून एक थर बटर पेपर लावल्यास दिव्याचा गोळा दिसत नाही. हॅलोजन अजिबात नको, कागद पेटेल. एलईडी चालतील. जागरणाच्या मिस्सेला मंदिर अंधारात असते, तेव्हा पास्काच्या मेणबत्तीआधी हे दिवे कुणीही लावू नयेत. गौरवगीताच्या घंटेबरोबर लावावेत. सभेत जे हसले त्यांनाही आम्ही शनिवारी संध्याकाळी बोलावले आहे. आम्हीही बसणार आहोत. कागद कार्यालयात आणून ठेवला आहे, कात्री मात्र ज्याने त्याने घरून आणावी.