फेलिक्स ब्लॉख : अणुकेंद्रांची हाक ऐकणारा शास्त्रज्ञ

गेल्या दिवाळीच्या सुटीत वडिलांच्या कमरेचा एम. आर. आय. काढावा लागला. घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, म्हणून फिल्म माझ्या हाती आली. एकाच कण्याची दोन चित्रे होती. एकात नसांभोवतीचे पाणी काळे, दुसऱ्यात पांढरेशुभ्र! यातले खरे कोणते, असे वडिलांनी विचारले. मला सांगता आले नाही. उत्तर शोधताना ग्रंथालयात फेलिक्स ब्लॉख यांची ओळख झाली.

ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील धान्याचे व्यापारी होते. अभियंता होण्यासाठी ते तेथील तंत्रविद्यापीठात दाखल झाले. पण वर्षभरातच त्यांनी वाट बदलून पदार्थविज्ञान घेतले. १९२८ मध्ये लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या तरुण अध्यापकाला जर्मनी सोडावी लागली. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले.

तेथे १९४६ मध्ये हॅन्सन व पॅकार्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी आपला प्रसिद्ध प्रयोग केला. पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखी डुलतात. रेडिओलहरींनी त्यांना कलते केले की तीही सूक्ष्म संकेत देतात. त्यानंतर दोन गोष्टी घडतात. अणुकेंद्रे हळूहळू पूर्वस्थितीला येतात, तो काळ टी-१. लेझीम खेळणाऱ्यांची पावले चुकत जावीत तसा त्यांचा आपसातील मेळ मोडतो, तो काळ टी-२. हे दोन्ही काळ ब्लॉख यांनी समीकरणांत मांडले. हाच शोध हार्वर्डमध्ये पर्सेल यांनी स्वतंत्रपणे लावला होता. १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

१९५० मध्ये एर्विन हान यांनी रेडिओलहरींचे झटके ठरावीक अंतराने देऊन अणुकेंद्रांचा प्रतिध्वनी मिळवला. १९७३ मध्ये लॉटरबर यांनी अशा संकेतांतून चित्र उभे केले. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. पाणी पूर्वस्थितीला यायला फार वेळ घेते. झटके भराभर दिले व संकेत लवकर टिपला, तर ते मागे पडते आणि काळे दिसते. झटक्यांत मोठे अंतर ठेवून संकेत उशिरा टिपला, तर बाकीच्या ऊती मंदावलेल्या असतात. पाणी तेवढे अजून बोलत असते, म्हणून पांढरे दिसते.

१९५४ मध्ये ब्लॉख जिनिव्हाच्या ‘सर्न’ या संस्थेचे पहिले महासंचालक झाले. पण वर्षभरातच पद सोडून अध्यापनाकडे परतले. १० सप्टेंबर १९८३ रोजी जन्मगावी, झुरिक येथेच, त्यांचे निधन झाले. आपल्या समीकरणांवर आज किती रुग्णांचे निदान उभे आहे, हे पाहायला ते राहिले नाहीत.

सुटीत घरी गेल्यावर वडिलांना सांगितले, दोन्ही चित्रे खरी आहेत. फक्त ऐकण्याची वेळ वेगळी. ते म्हणाले काही नाहीत. पण फिल्म पुन्हा उजेडात धरून बराच वेळ पाहत बसले.